दोन काळ्या पट्ट्या

जितूला त्या रविवारी मिळण्यासारखं पुष्कळ होतं. कोइमतूरच्या रेसिंग संघात जागा, वर्षभर दुसऱ्याच्या टायरवर गाडी पळवायची चैन, शिवाय पेपरात फोटो. मला मिळण्यासारखं त्याच्या निम्मं होतं. संघानं त्याला घेतलं, तर "ब्रेकचं बघायला आमच्या आक्कालाही घ्या" असं तो सांगणार होता. संघाचे मॅनेजर सेल्वराज यांना एक तयार ड्रायव्हर मिळणार होता. आण्णांना मात्र कशातच काही मिळणार नव्हतं. आणि तरीही भल्या सकाळी आम्ही बहीण-भाऊ गाडी ट्रेलरवर चढवत होतो, तेव्हा आण्णा स्वेटर, मफलर आणि हातात जेवणाचा डबा अशा थाटात दारात उभे.

"मीबी येतो," म्हणाले.

जितू माझ्याकडे बघायला लागला. "आण्णा, तिथं दिवसभर गोंगाट असतोय."

"मग माझ्या दुकानात काय भजन असतंय व्हय?"

हायवेला आमचं ट्रकचे ब्रेक लायनर बसवायचं दुकान होतं. दिवसभर रिव्हेट ठोकायचा आवाज. आण्णांचा उजवा कान त्यातच गेला होता. जितूनं त्या दुकानात बसावं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती, आणि गेली तीन वर्षं त्यांनी आमच्या ट्रॅकच्या गाडीकडे मान वळवून बघितलं नव्हतं. "ते खुळ" असा तिचा उल्लेख व्हायचा. खुळाला ऑइल बदललं का, खुळ कधी विकताय.

घरात मला चिडवायचे, शैला देवाला नमस्कार करतानासुद्धा देवाला यातून काय सुटलं ते बघते म्हणून. खोटं नाही ते. माणूस एखाद्या गोष्टीत का पडतो, त्याला त्यात काय सुटतं, हे मला आपोआप दिसतं. त्या सकाळी नाही दिसलं. बाप आला, एवढ्यानंच मी खूश. टेम्पोच्या पुढच्या सीटवर त्यांना बसवलं, आणि मी मागं टायरांमध्ये बसून गेले.

ट्रॅक कर्नाटकच्या हद्दीत, उसाच्या रानात. कुणा हौशी कारखानदारानं बांधलेला. जानेवारीचे दिवस, रानातून धुकं उठत होतं. पहिल्या सत्रात जितू दोन फेऱ्या मारून आत आला आणि काच खाली करून म्हणाला, "आक्का, दगड दाबल्यासारखं वाटतंय. ब्रेक धरतच नाहीत."

मी चाकाच्या जाळीतून तापमापकाचं पिस्तूल रोखलं. ब्रेकची डिस्क जेमतेम कोमट. मी काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि बंपरखाली बसले. तेवढ्यात शेजारी कुणीतरी गुडघे मोडून बसल्याचा कट्‌कन आवाज आला. आण्णा होते.

"शैले, हे काय करतीस गं?"

"वारा बंद करतेय."

"ब्रेकचा? आन् जळल्यावर?"

"गार आहेत, आण्णा. हे पॅड तुमच्या लायनरसारखे नाहीत. गार असले की पकडतच नाहीत. आधी तापावे लागतात, मग कामाला लागतात."

"तुझ्या आईसारखं म्हण की. तापल्याबिगर हात चालत न्हाई."

मला हसू आलं. आण्णाही हसले, आणि मग त्यांनी विचारलं, "वारा कुठनं शिरतोय ह्यात?"

हे नीट समजून घ्या. मी डिप्लोमाला पहिली आले तेव्हा आण्णांनी पेढे वाटले होते, पण काय शिकलीस असं विचारलं नव्हतं. शिरोलीच्या फाउंड्रीत तपासणीला लागले, तेव्हा "बस कुठनं मिळती?" एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला कामातलं काही विचारलं होतं. मी भडाभडा बोलायला लागले. बंपरखालची दोन तोंडं दाखवली. त्यातून वारा शिरतो, नळीतून थेट पुढच्या चाकांच्या डिस्कवर जातो, हे दाखवलं. डिस्कच्या कडेला ओढलेल्या रंगाच्या रेघा दाखवल्या. हिरवी पांढरी पडली म्हणजे ब्रेक कामाला लागले, नारिंगी पिवळी पडली म्हणजे सांभाळा, आणि लाल उडाली म्हणजे गाडी उभी करा. आण्णा मान डोलवत होते, बोट लावून बघत होते. शाळेतल्या मुलासारखे.

"आन् ह्या पट्ट्या काढायच्या राह्यल्या तर?"

"तर चौथ्या फेरीला पॅडल मऊ लागायला लागेल. आतलं ब्रेक ऑइल उकळतं, बुडबुडे होतात. पाय खाली जायला लागला की ड्रायव्हरला कळतं. तो आपणच आत येतो."

"आन् त्याचा टाइम?"

"टाइम कसला? असल्या पॅडलवर टाइम लागत नाही. सत्र फुकट."

"पर गाडीला काय व्हत न्हाई."

"गाडीला काय होतंय! गार केली, ऑइल बदललं, झालं."

"आन् एकाच अंगाची राह्यली तर?"

"मग ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. ते वाईट."

"व्हय, ते वाईट," आण्णा म्हणाले. "ट्रकचंबी तसंच."

मग त्यांनी मला ट्रकचं सांगितलं. आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की आधी वास येतो, मग धूर येतो. ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, चाकांपुढं दगड लावतो, चहा पितो, तासाभरानं निघतो. "गरम ब्रेक बोंबलून सांगतोय बघ," म्हणाले. "गपचिप दगा देत न्हाई." बाप-लेक असे आम्ही पुढच्या बंपरपाशी उकिडवे बसून ब्रेकवर बोलत होतो आणि मला वाटत होतं, जितूचं काहीही होवो, माझा दिवस वसूल झाला.

दहाच्या सुमाराला सेल्वराज आले. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, गळ्यात दोरीनं अडकवलेलं घड्याळ. बोलायचे हिंदीत, पण तिच्यावर फार उपकार करायचे नाहीत. आण्णांनी त्यांना डब्यातली चटणी-भाकरी दिली. सेल्वराजच्या डोळ्यांत पाणी आलं. "आंध्रा से भी तेज," म्हणाले, आणि आणखी मागितली. आण्णा खुलले. जितूला कोपरानं ढोसून म्हणाले, "माणूस चांगला हाय रं. उगंच दाढी करून आलास."

"आण्णा, तुम्ही त्यांच्याबरोबर भाकरी खाल्लीत. आता मला सोडावं लागतंय तुम्हाला."

"सोडतो की," आण्णा म्हणाले. "बघू तर दे काय करतोस."

दुपारपर्यंत ऊन चांगलं तापलं. शेवटच्या सत्राआधी मी बंपरखाली शिरून दोन्ही पट्ट्या फाडल्या. सेल्वराज तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "टेप निकाला?" मी चोळामोळा केलेल्या पट्ट्या त्यांना दाखवल्या. त्यांनी अंगठा वर केला. जितूला त्यांनी सांगितलं होतं ते साधं होतं. सात फेऱ्या सलग, एकसारख्या, आणि त्यातली निदान एक त्यांच्या घड्याळातल्या एका आकड्याच्या आत. सकाळी तो त्या आकड्याच्या अगदी दारापर्यंत जाऊन आला होता.

गाडी बाहेर काढायच्या रांगेत लागली. जितूनं हेल्मेट चढवलं. एवढ्यात आण्णा पुढं झाले.

"थांब रं. गाडीच्या पाया पडू दे."

मी बघतच राहिले. खुळाच्या पाया! आण्णा बंपरपुढं वाकले, आधी डाव्या चाकाकडं, मग उजव्या चाकाकडं. जरा वेळ लागला. गुडघे दुखतात त्यांचे, मला वाटलं. कपाळ बंपरला लावलं. उठले, छातीला हात लावला. सेल्वराजनी मोबाइलवर फोटो काढला. म्हणाले, "बहुत अच्छा संस्कार." हेल्मेटमधून जितूचे डोळे दिसत होते. ओले होते.

"आता जा," आण्णा म्हणाले. "आन् कायबी वाटलं तर आत ये. काय?"

"येतो, आण्णा."

तो गेला. आम्ही ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी उभे राहिलो. माझ्या हातात बोर्ड होता, त्यावर उरलेल्या फेऱ्या लिहून त्याला दाखवायच्या. सेल्वराज माझ्या डावीकडं, आण्णा उजवीकडं. पहिली फेरी गरम करायची. दुसरी चांगली. तिसरीला सेल्वराज घड्याळाकडं बघून "हं" म्हणाले. त्या माणसाकडून "हं" म्हणजे आमच्याकडची फटाक्यांची माळच.

"कितवी झाली?" आण्णांनी विचारलं.

"तिसरी."

जितू तेवढ्यात पलीकडच्या वळणाआड गेला होता. आण्णा मान वळवून लांबवर बघत राहिले.

"ही चौथी न्हवं? येईल आता."

"कशाला येतोय, आण्णा? ही धरून अजून चार आहेत."

चौथी झाली. सेल्वराजनी घड्याळ मला दाखवलं. आकडा आत होता, अगदी नखभर. मी आण्णांचा हात धरून दाबला. हात गार होता.

"शैले. का येईना गं?"

"अहो, मिळाला त्याला टाइम! आता कशाला येईल?"

"पाचवी चालू हाय."

"हो ना."

"बोर्ड दाखव. आत बोलव त्याला."

मी हसले. घाबरलेला बाप मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला तो गोड वाटला, हे मी लपवत नाही. "आण्णा, त्यांना सलग सात फेऱ्या बघायच्यात. आता बोलवला तर सगळं पाण्यात जाईल."

"जाऊ दे पाण्यात! बोलव म्हणतो न्हवं!"

त्यांनी माझ्या हातातल्या बोर्डाला हात घातला. मी सोडला नाही. सेल्वराज वळून बघायला लागले. मला लाज वाटली. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आण्णा, त्याच्या जन्माचा प्रश्न आहे हा. आज तरी आडवे येऊ नका." त्यांनी बोर्ड सोडला. त्यांचे ओठ हलत होते, पण जितू तेव्हाच पुढून गेला आणि काही ऐकू आलं नाही.

सरळ रस्त्याच्या टोकाला उजवं वळण होतं. तिथं गाडी आमच्याकडं पाठ करून जायची, त्यामुळं ब्रेक लागले की मागचे लाल दिवे दिसायचे. सहाव्या फेरीला दिवे लागले. विझले. परत लागले. परत विझले. परत.

मला कळलं. पॅडल मारतोय. एकदा दाबून काही होत नाही, म्हणून परत परत मारतोय.

गाडी वळली नाही. खडीतून धुळीचा एक लोट उठला, आणि टायरांची भिंत आधी हलली, आवाज मागून आला.

मी पळाले. सेल्वराज पळाले. आण्णा पळाले नाहीत. मी मागं वळून बघितलं तेव्हा ते भिंतीला धरून उभे होते आणि आपल्याच तळहाताकडं बघत होते.

जितूला बाहेर काढेपर्यंत तो शुद्धीवर होता. उजवं पाऊल पॅडलसकट आत गेलं होतं. त्यानं शिव्या दिल्या त्या मला अजून आठवतात, कारण त्या ऐकून मला केवढं बरं वाटलं. शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे. ॲम्ब्युलन्समध्ये एकालाच बसायला देत होते. मी आण्णांना म्हटलं, तुम्ही जा. ते हलेनात. म्हणून ट्रॅकचा डॉक्टर त्याच्याबरोबर गेला, आणि ओढून आणलेल्या गाडीपाशी आम्ही तिघं आणि आजूबाजूच्या गाड्यांची पाच-सहा माणसं उरलो.

सेल्वराज जमिनीवर आडवे झाले आणि बंपरखाली बघायला लागले. उजवीकडचा बंपर फाटून गेला होता. डावीकडं त्यांनी हात घातला आणि काहीतरी ओढून काढलं. काळी पट्टी. तोंडाच्या मापाची, नीट कापलेली.

"ये क्या है?" ते म्हणाले. "टेप? किसने लगाया?"

पट्टी मी त्यांच्या हातात बघितली, आणि तिचं एक टोक आत दुमडलेलं होतं. पुढच्या वेळी नखानं उकरत बसायला नको म्हणून आण्णा प्रत्येक पट्टीचं टोक असं दुमडतात. लायनरच्या खोक्यांवर, आईच्या लोणच्याच्या बरणीवर, लाइटच्या बिलाच्या पाकिटावर. मी पट्टी दातानं तोडते. दोन्ही चाकांना नमस्कार केला होता त्यांनी. दोन्ही. एका अंगाला ओढू नये म्हणून.

मी आण्णांकडं बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तोंड उघडलं होतं. शब्द आतून निघाला होता, ओठांपर्यंत आला होता; मला तो दिसत होता.

"मी लावली होती," मी म्हटलं. "सकाळची. काढायची राहिली."

सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी, एकदम. तासाभरापूर्वी ज्या माणसानं माझ्या हातातल्या फाडलेल्या पट्ट्या बघून अंगठा वर केला होता, त्यानंसुद्धा. "होता है, मॅडम," सेल्वराज म्हणाले, आणि इतक्या समजूतदारपणे म्हणाले की मला त्यांच्या टोपीवर बोर्ड घालावासा वाटला. शेजारच्या तंबूतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बाईमाणूस आहे, घाई झाली असेल." एकानंही विचारलं नाही, अहो, सकाळच्या पट्टीवर सकाळच्या सगळ्या फेऱ्या होऊन ती एवढी स्वच्छ कशी? मुलगी पट्टी काढायला विसरली, हे उत्तर इतकं तयार होतं की प्रश्नच उरला नाही.

आण्णांचं तोंड हळूहळू मिटलं.

रात्रभर जितूची शस्त्रक्रिया चालली. पाऊल वाचलं, घोटा गेला. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा तो छताकडं बघत होता.

"रडू नको, आक्का. बघवत नाही. तुझं नाक लाल होतंय."

"जितू, पट्टी..."

"सांगितलं मला सेल्वराजनी. ऐक. चौथ्या फेरीलाच पॅडल मऊ झालं होतं. सरळ रस्त्यावर आधीच दोनदा मारून घ्यायचो, मग लागायचे. मला कळत होतं. आत यायला पाहिजे होतं, आलो नाही. त्या घड्याळवाल्याला सात पाहिजे होत्या." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "तू कधी विसरत नाहीस. एकदा विसरलीस. असू दे."

असू दे म्हणाला खरा. पण त्यानंतर माझ्या स्कूटरचे ब्रेकसुद्धा त्यानं मला करू दिले नाहीत. "राहू दे आक्का, मी बघतो." प्रेमानं. दर वेळी प्रेमानं. सेल्वराजनी दुसरा ड्रायव्हर घेतला. फाउंड्रीत बातमी पोचलीच होती. आमच्या साहेबांनी मला तपासणीतून काढून कागदांच्या टेबलावर बसवलं, तेही प्रेमानंच.

आण्णा दवाखान्याच्या जिन्यात पहिल्यांदा मला म्हणाले, "शैले, ती पट्टी..."

"मी लावली होती, आण्णा."

"न्हाई गं. ऐक तर."

"जितू झोपलाय. हळू बोला."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, मी केवढी मोठी झाले. बापाला सोडवलं, भावाचा बाप वाचवला. जितूला खरं कळलं असतं, तर त्या घरात दोन पुरुष परत एका ताटात जेवले नसते. हे खरं आहे. मी आजही ते खोटं म्हणत नाही.

पायाच्या दुखण्यातून उठल्यावर जितू दुकानात बसायला लागला. दुसरं करणार काय? आणि चांगलं चालवलं त्यानं दुकान. ड्रायव्हर लोक त्याच्याशी गप्पा मारायला थांबायचे. आण्णांना हवं होतं ते अगदी जसंच्या तसं मिळालं होतं, आणि ते त्याच्याकडं तोंड करून कधी बसले नाहीत. स्टूल भिंतीकडं वळवून ठोकत बसायचे. जितू एक पाय ओढत आला की हातोडी थांबायची, तो गेला की परत सुरू. घरात देवासमोर हात जोडायचे, पण वाकायचे नाहीत. आई म्हणायची, "गुडघे गेले ह्यांचे." मी म्हणायची, "हो, गुडघे."

दुसऱ्यांदा बोलायला आले ते माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. हळद लागलेली होती. माझ्या खोलीत आले, दार लोटलं, आणि नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "आण्णा, मंडपवाला शोधतोय तुम्हाला." मंडपवाला शोधत नव्हता.

तिसऱ्या वेळी ते अंथरुणाला खिळलेले होते. मी माहेरी गेले होते, औषध देत होते. माझं मनगट धरलं त्यांनी. त्या पकडीत अजून लायनर ठोकायचं बळ होतं.

"मला वाटलं हुतं, आत येईल त्यो. तूच म्हणाली हुतीस, आपणच आत येतो."

"आण्णा, औषध घ्या."

"मी जितूला सांगतो. आज सांगतो."

"काय सांगताय? मी विसरले होते. सगळ्यांना माहीत आहे."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाले, "शैले, तू मला सोडत न्हाईस."

मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं, गिळलं आणि डोळे मिटून घेतले.

माणूस कशात का पडतो ते मला दिसतं म्हणाले ना मी. स्वतःचं दिसायला वेळ लागला, एवढंच. बंपरपुढं उकिडवं बसून आण्णा मला विचारत होते, वारा कुठनं शिरतोय, पट्टी राह्यली तर काय, एका अंगाची राह्यली तर काय. आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा अर्धा तास त्यांना समजावून सांगत होते. तो अर्धा तास त्यांनी मला दिला नव्हता. माझ्याकडून काढून घेतला होता, मुलाचा पाय दुकानात धरून ठेवायला. दवाखान्याच्या जिन्यात मी बापाला वाचवलं, हे अर्धंच खरं. त्यांना बोलू दिलं असतं तर ते रडले असते, जितूनं आकांत केला असता, वर्ष-दोन वर्षं घर पेटलं असतं, आणि मग केव्हातरी तो लंगडत त्यांच्या स्टुलापाशी गेला असता. जितू असाच आहे. मला माहीत होतं तो असा आहे. आण्णांना माफी मिळाली असती. ती मिळू नये, असं मला वाटत होतं.

आण्णांच्या तेराव्याला पाहुण्यांसमोर जितू उभा राहिला. म्हणाला, "आमच्या आण्णांचं मन केवढं मोठं बघा. माझा पाय गेला, त्यात आक्काच्या हातून चूक झाली होती. पण तो माणूस आयुष्यात कधी एका शब्दानं तिला बोलला नाही." सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या, कुणी पाठीवरून हात फिरवला. मी पदर डोळ्यांना लावला.

या सगळ्याची किंमत सेल्वराजनी काही भरली नाही, भरायचं कारणही नव्हतं. जितूनं घोटा भरला, एकदाच, आणि मोकळा झाला. आण्णा मरेपर्यंत भरत राहिले, आणि जितके वेळा चुकतं करायला आले, तितके वेळा मी त्यांना दारातून परत पाठवलं. गावात, घरात, फाउंड्रीत सगळ्यांच्या मते भरलं ते मी. परवाच माहेरी गेले होते. जितू पाय ओढत आतून चहा घेऊन आला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "आक्का, आपल्या घरात सगळ्यात जास्त तू सोसलंस."

मी कप घेतला.